साडेआठचा पाऊस

गेल्या एकतीस वर्षांत आमच्या गावावर पडलेल्या पावसाचा एकही थेंब माझ्या मोठ्या मामाच्या परवानगीशिवाय जमिनीत मुरलेला नाही. थेंब आधी मामाच्या अंगणात येतो, सिमेंटच्या ओट्यावर उभ्या केलेल्या नरसाळ्यातून खालच्या बाटलीत उतरतो, सकाळी बरोबर साडेआठ वाजता काचेच्या मापात मोजला जातो, दोनशे पानी वहीत निळ्या शाईने लिहिला जातो, आणि मग मामा ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी ओततो. एवढं झालं की पाऊस पडला असं गावात धरतात. त्याआधी कोणी चिंब भिजून आला असेल, कोणाच्या चुलीत पाणी शिरलं असेल, तर तो त्याचा खाजगी मामला.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. बुलढाणा वर घाटावर, आम्ही खाली. घाटावर पाऊस झाला की आमच्याकडे त्याचा नुसता गार वारा येतो, आणि आमच्याकडे झाला की घाटावरच्या कचेऱ्यांना तो दुसऱ्या दिवशी कागदावरून कळतो. मामा इथला पोस्टमन होता. सायकलवर थैली टाकून चार गावं फिरायचा आणि प्रत्येक टपालावर त्या दिवसाचा शिक्का स्वतःच्या हाताने, गोल पूर्ण उमटेल असा मारायचा. अर्धवट उमटलेला शिक्का त्याला माणसाच्या अर्धवट दाढीसारखा वाटे. त्या काळात गावात येणारे एक कृषी सहायक बदलून घाटावर गेले आणि जाताना मोडीत निघालेलं पर्जन्यमापक मामाच्या हवाली करून गेले. "रोज सकाळी साडेआठला पाहत जा," एवढंच ते बसच्या पायरीवरून बोलले, आणि बस सुटली. त्या वाक्याची मामाने शपथ घेतली. विहारात बाकीचे लोक पंचशील म्हणतात, मामाला मात्र सहावं शीलही पाळावं लागतं.

साडेआठ म्हणजे साडेआठ. जून ते ऑक्टोबर मामा कोणाच्याही घरी मुक्कामाला राहत नाही. रोहिणखेडला माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला जेवणं लांबली, शेवटची बस गेली, सगळे म्हणाले आता सकाळी जा. मामा मंडपवाल्याच्या टेम्पोत, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर आडवा होऊन घरी आला. टपाल खात्याने बुलढाण्याला त्याचा सत्कार ठेवला, रात्री राहायची सोय केली. तिथल्या साहेबांनी आग्रह केला, की इथली हवा थंड आहे, एक रात्र राहून तर पाहा. "थंड असंल साहेब, पण माहं माप गावात एकटं आहे," असं म्हणून मामा शाल-नारळासह घाट उतरला. डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ आली तेव्हा त्याने डॉक्टरांना फेब्रुवारी मागितला, कारण त्याच्या वह्यांप्रमाणे तो सगळ्यात कोरडा महिना. डॉक्टरांनीही दिला. आणि बरोबर ऑपरेशनच्याच रात्री गारांचा पाऊस आला. डोळ्यावर पट्टी बांधलेला मामा दवाखान्याच्या पलंगावर उठून बसला, पत्र्यावरचा आवाज कान देऊन ऐकत राहिला आणि घरी परतल्यावर त्या तारखेसमोर त्याने जे लिहिलं ते आजही वाचता येतं: "मोजला नाही. ऐकला."

मापाच्या आसपासची जागा म्हणजे गावातली सर्वांत कडक बंदोबस्ताची जागा. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. त्यावर कपडा वाळत घालायचा नाही, शेळी बांधायची नाही, मुलांनी चेंडू खेळायचा नाही. मामी होती तोवर तिच्या कुरडया-पापडांनासुद्धा तिथे प्रवेश नव्हता. मुलाला घरावर माळा चढवायचा होता, मामाने मना केलं. उंच भिंत मापाच्या जवळ आली तर वाऱ्याचा पाऊस अडतो. मुलगा बिचारा आता संडासावर पाण्याची टाकी बसवायची असली तरी आधी येऊन विचारतो. एकदा मे महिन्यात शेजारणीने गच्ची धुतली आणि पन्हाळीतून उडालेलं पाणी नरसाळ्यात गेलं. दुसऱ्या कोणीही ते फेकून दिलं असतं. मामाने ते मोजलं, लिहिलं आणि पुढे कंसात शेरा मारला: "गच्चीचं. धरू नये." आपल्या मापात काय आलं ते लपवायचं नाही आणि त्याला पाऊसही म्हणायचं नाही, असा त्याचा न्याय.

माझा आणि मामाचा खरा झगडा विशेषणांवरून. आमच्या घरात पाळण्याच्या आधी पत्रकं आली होती. बाबा चळवळीतले, त्यामुळे घरात पत्रकांचे गठ्ठे उशीखालीसुद्धा असत, आणि मी अक्षरं जोडायला शिकले ती "जाहीर निषेध" या दोन शब्दांवर. आजही माझ्या हातून साधी चिठ्ठी लिहिली जात नाही, शेवटी उद्गारचिन्ह येतंच. मामा माझं प्रत्येक पत्रक छापण्याआधी वाचतो आणि त्यातली विशेषणं निंदणीला बसल्यासारखी उपटून काढतो.

"'प्रचंड मोर्चा' लिहिलं तू. किती माणसं होते?"

"असतील साठ-सत्तर."

"मंग साठ-सत्तर लिही ना, वं. प्रचंड म्हणजे वाचणाऱ्याले काय समजते?"

पावसाच्या बाबतीत तर तो कोणालाच माफ करत नाही. कोणी पारावर "काय धो-धो पडला!" म्हणालं की मामा थांबून विचारतो, "धो-धो म्हणजे किती?" मुसळधार म्हटलं तर मुसळ कोणत्या मापाचं ते विचारतो. तात्या म्हणून त्याचे एक जुने दोस्त आहेत, चाळीस एकरांचे धनी, सगळ्या गावाला दरडावतात, पण मामापुढे आले की सांभाळून बोलतात. "पोस्टमन," ते म्हणतात, "राती पाऊस... म्हणजे पडला बा. किती ते तूच सांग."

आणि सरासरी! एकतीस वर्षांच्या वह्यांतून मामाने गावाची सरासरी काढून ठेवली आहे, महिन्याची, पंधरवड्याची, पोळ्याच्या आठवड्याची. पुढे त्याला तो नादच लागला. आता तो जगातली प्रत्येक गोष्ट सरासरीवर ठेवून पाहतो. चहाचा घोट घेऊन सांगतो, "साखर सरासरीच्या खाली." लग्नाच्या पंगतीत उभा राहून सांगतो, "पाहुणे नॉर्मल, आहेर कमी." माझ्याबद्दल आईला त्याने एकदा फोन केला: "पोरीचा राग ह्या महिन्यात सरासरीच्या दीडपट आहे, तिले जेवायले बोलाव." दर महिन्याच्या एक तारखेला तो विहाराबाहेरच्या फळ्यावर मागच्या महिन्याचा निकाल लावतो, शाळेच्या निकालासारखा. गेल्या सालचा निकाल सगळ्या गावाला पाठ आहे. जून: नापास, मृग कोरडा गेला, पेरण्या खोळंबल्या. जुलै: पहिला नंबर, पंधरा दिवसांतच महिनाभराचं काम केलं. ऑगस्ट: गैरहजर. सप्टेंबर: परीक्षा संपल्यावर पेपर लिहीत बसला. ऑक्टोबर: बोलावलं नसताना आला, सोयाबीनच्या गंजीवर बसला. आणि खाली लाल खडूने एकूण निकाल: पास. सरकारी निकालही तोच होता, यंदा पाऊस सरासरीइतका. तो वाचून मामाने फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ वाढवली होती: "साल नॉर्मल आहे. गाव नाही."

सगळं रामायण ऑगस्टच्या त्या गैरहजेरीवरून झालं. सोयाबीन फुलावर होतं, शेंगा धरायच्या होत्या, आणि तेवीस दिवस आभाळ नुसतं येऊन बघून जात होतं. पानं दुपारी मान टाकायची. शेंगा धरल्या त्या चपट्या, आत दाण्याऐवजी कागद असावा तशा. असा सलग खंड पडला की नुकसानीचे पंचनामे होतात, पण खंड पडला हे कोणी ठरवायचं? आमच्या गावात सरकारी माप नाही. ते आठ किलोमीटरवर, महसूल मंडळाच्या गावी आहे, आणि तेही आपोआप मोजणारं यंत्र. सगळ्या मंडळातल्या गावांचा पाऊस त्या एका यंत्राच्या तोंडून बोलतो. यंत्र म्हणत होतं, ऑगस्टमध्ये खंड नाहीच, मधूनमधून पाऊस आहे. म्हणजे पंचनामा नाही.

मी पेटले. मामाच्या वह्या माझ्या हातात होत्या, यंत्राचे आकडे मोबाईलवर काढता येत होते. यंत्रावर किती भरवसा ठेवायचा ते पाहायला मी आधी जुलै महिना समोरासमोर मांडला. ज्या तारखेला मामाकडे भरपूर, त्या तारखेला यंत्राकडे थोडा. ज्या तारखेला मामाकडे कोरडं, त्या तारखेला यंत्राकडे भरपूर. महिनाभरात एकही तारीख जुळेना. यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? "यंत्र खोटं बोलतं!" अशा मथळ्याचं पत्रक एका दुपारी लिहून झालं. मामाला मी ते दाखवलं तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे विशेषणं उपटली, आणि मग मथळ्यावर पेन टेकवलं.

"खोटं बोलते, हे आपल्याले माईत आहे काय?"

"मामा, एकतीस वर्षांची वही खोटी की चार वर्षांचं यंत्र?"

खरं सांगायचं तर ते ऐकून त्याची मान जरा ताठ झाली. पत्रक मंडळातल्या प्रत्येक गावात गेलं. चहाच्या टपऱ्यांवर चिकटलं. आठवड्याभरात कृषी विभागाच्या एक अधिकारी गावात येणार, वही पाहणार, असा निरोप आला.

सप्टेंबरचा तो दिवस मला तपशिलाने आठवतो. ग्रामपंचायतीच्या आवारात सतरंजी, टेबल, दीडशे माणूस. (मामासाठी मोजलं होतं.) मामाने पोस्टातून निवृत्त होताना शिवलेला सफारी घातला होता, आणि एकतीस वह्या तात्यांच्या ट्रॅक्टरवर आणल्या होत्या. गावाचा ऑगस्ट त्या वह्यांवर उभा होता आणि मामाचं सगळं आयुष्यही. अधिकारी तिशीच्या बाई होत्या, देऊळगाव राजाकडच्या, आवाज मऊ. पत्रक त्यांनी घडी घालून टेबलावर ठेवलं होतं, मथळा वर येईल असं. त्या मला काही बोलल्या नाहीत. यंत्राचा कागद काढला, मामाच्या वहीचं जुलैचं पान मागितलं, दोन्ही शेजारी ठेवले. पाहत राहिल्या. मग यंत्राचा कागद त्यांनी बोटाने एक ओळ वर सरकवला.

आणि सगळं जुळलं. भरपूरसमोर भरपूर आला, कोरड्यासमोर कोरडं. आठ किलोमीटरचा फरक पडतो तेवढा कमी-जास्त, पण चाल तीच.

"काका, सकाळी साडेआठला मोजता ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हाव. पावसाळ्याचा एक दिवस चुकला नाही."

"आणि लिहिता कोणत्या तारखेला?"

"कालच्या. पाऊस काल पडला ना, मी आज फक्त मोजला."

"तसं नसतंय हो. नियम असा आहे, काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. सगळ्या देशात असंच लिहितेत."

मला मामाचा गोंधळ बाहेरून दिसत होता, कारण त्या गोंधळामागचा पोस्टमन मला माहीत होता. पत्र काल टाकलं असेल तर शिक्का कालचा, पोचलं आज म्हणून काय झालं? पाऊस काल निघाला, आज मापात पोचला. त्याने एकतीस वर्षं प्रत्येक पावसावर तो निघाल्याच्या दिवसाचा शिक्का मारला होता. बसच्या पायरीवरून कृषी सहायकांनी त्याला वेळ सांगितली, तारीख सांगायची राहून गेली होती.

मागून कोणीतरी हसलं. "पोस्टमनचा पाऊस एक दिवस आधीच डिलिव्हरी!" मग सगळे हसले. मी मामाच्या कानाशी लागले. "काही कबूल करू नकोस. आपण म्हणू, गावाची पद्धत वेगळी आहे. लढू आपण." पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला माघारीचा रस्ता दिसत नाही, मला तर तो कोणी दाखवलाच नव्हता. मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तुमचं बरोबर. माहं चुकलं. एकतीस सालं चुकलं. यंत्र खोटं बोलते असं पत्रक निंघालं, तेही चुकलं. ते लिहिलं पोरीनं, पण आकडे माहे होते."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. बाई म्हणाल्या, "काका, मोजणं एकदम चोख आहे तुमचं. फक्त तारीख सरकलीय." पण मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टेबलावर वाकला होता. यंत्राचा कागद बाईंनी सरकवून ठेवला होता तसाच होता, फक्त मामाने आता पुढचं पान लावलं. ऑगस्ट. जुलै सरकवल्यावर जुळला होता, तसा ऑगस्टही जुळायला हवा होता. जुळत नव्हता. मामाकडे तेवीस दिवस शून्य, आणि यंत्राकडे चार दिवस थोडाथोडा पाऊस, मग तीन दिवस शून्य, पुन्हा चार दिवस, पुन्हा तीन दिवस शून्य, असंच शेवटपर्यंत. मामा बोटावर वार मोजत होता. मी त्याला इतका वेळ एका पानावर पहिल्यांदाच पाहत होते.

"तात्या," त्याने मान वर न करता हाक मारली, "मंडळाच्या गावाकडल्या शेतीची लाईन दिवसा कोणत्या वारी असते?"

"सोमवार ते बेस्तरवार. बाकीचे तीन दिवस राती. काऊन बे?"

"बाई, इकडे पाहा," मामा म्हणाला. "तुमच्या कागदावर मंगळवार ते शुक्रवार दिसते, म्हणून लक्षात येत नाही. माह्या चुकीच्या पद्धतीनं एक दिवस मांगं घ्या. सोमवार ते गुरुवार. हा पाऊस लाईनीचं टाईमटेबल पाळून राह्यला."

दीडशे माणसांना ते समजायला दोन क्षण लागले. मग जो हशा उठला, त्यात मी, बाई आणि तात्या सगळेच होतो. आमच्याकडे शेतातली विजेची थ्री-फेज लाईन ठराविक वारी दिवसा येते आणि ठराविक वारी रात्री. रात्री रानडुकरं फिरतात, म्हणून पुष्कळ शेतकरी दिवसाची लाईन असेल तेव्हाच मोटर लावतात. पण ढगांनी कधी लाईनीची वाट पाहिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

बाई उठल्या. "चला, बघूनच येऊ." त्यांच्या गाडीत मामा, मागे तात्यांचा ट्रॅक्टर आणि त्यामागे मोटारसायकलींची रांग, अशी आमची वरात मंडळाच्या गावी पोचली. यंत्र जाळीच्या कुंपणात साळसूद उभं होतं. कुंपणाला लागून एकाचं मक्याचं शेत, आणि बांधावर तुषार सिंचनाचे पाईप रचलेले. शेतमालक धावत आला. ऑगस्टमध्ये पाईप कुठे होते ते दाखव म्हटल्यावर त्याने बिचाऱ्याने लगेच जोडून दाखवले, मोटर सुरू केली. कुंपणाजवळचा फवारा गोल फिरायला लागला. पहिल्या फेरीला पाणी जाळीवर आलं. दुसऱ्या फेरीला वारा आला आणि पाण्याची धार जाळीवरून थेट सरकारच्या यंत्रात पडली. बाईंच्या कागदांवरही पडली.

"मले काय माईत," शेतमालक हात जोडून म्हणाला, "माह्या फवाऱ्याचं पाणी त्या डब्ब्यात गेलं तर सरकारचा पाऊस होते!"

ऑगस्टमध्ये पाऊस नव्हता, म्हणून त्याने फवारे लावले होते. आणि त्याने फवारे लावले, म्हणून ऑगस्टमध्ये पाऊस होता. एकाचं पीक सुकू नये म्हणून जे पाणी फिरलं त्याच पाण्याने सगळ्या मंडळाचा दुष्काळ धुऊन काढला होता. माझ्या डोक्यात दुसऱ्या पत्रकाचा मथळा तयार होत होता. मामाने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा.

"यंत्राले नावं ठेवू नोको," तो म्हणाला. "त्याच्यावर पाणी पडलं, त्यानं सांगितलं. ढगातून आलं का पायपातून, त्या बिचाऱ्याले काय समजते? आपल्याले समजाले पायजे होतं."

पुढचं लवकर झालं. बाईंनी जागेवरच लिहून घेतलं, मामाची वही पुरावा म्हणून जोडायची ठरली, एका अटीवर: तारखा नियमाप्रमाणे करून द्यायच्या. खंड मान्य झाला, पंचनामे झाले. फवारा कुंपणापासून दूर गेला. आणि मामाने मला दुसरं पत्रक लिहायला बसवलं. मथळा त्याचा: "आमची चूक." आत पहिल्या चार ओळी कबुलीच्या, मग फवाऱ्याची हकिकत, विशेषण एकही नाही. छापखानेवाल्या काकांनी मजकूर दोनदा वाचला. "तुह्या बापाचे चाळीस साल छापले मी," ते म्हणाले, "माफीचं पत्रक ह्या घरातून पह्यल्यांदाच येऊन राह्यलं." ते पत्रक मात्र लोकांनी जपून ठेवलं. पहिलं टपऱ्यांवरून आठ दिवसांत फाटलं, दुसरं अजून काही घरांच्या भिंतीवर आहे. चूक कबूल केलेल्या माणसाचा पुढचा शब्द लोक जास्त मन लावून वाचतात, हे मला बाबांच्या कोणत्याही गठ्ठ्यात सापडलं नव्हतं.

बाईंना एकाच सालची वही हवी होती. मामाने एकतीस काढल्या. "एका सालची चूक दुरुस्त करावं अन् तीस सालची झाकून ठेवावं, हे कोणत्या चळवळीत बसते वं?" असं म्हणून त्याने कोऱ्या वह्यांचा गठ्ठा आणला आणि हिवाळाभर दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून प्रत्येक पाऊस एक-एक दिवस पुढे सरकवत राहिला. मदत कोणाचीच घेतली नाही. मी जाता-येता डोकावायचे. "कुठवर आलास?" विचारलं की सालाऐवजी पाऊस सांगायचा: "दोन पेरण्या झाल्या त्या सालावर आहो." "नळगंगेचं पाणी पुलावरून गेलं तिथं आलो."

जानेवारीत एका दुपारी गेले तर तो नुसताच बसला होता. पेनाला टोपण लावलेलं. समोर सत्ताविसावी वही, चार वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. मामी गेली ते साल.

तो दिवस मलाही आठवतो. तिला घरातून नेलं तेव्हा चार वाजले होते. वाटेतच पाऊस आला. लोक चिंचेखाली पळाले, लाकडांवर ताडपत्री टाकली, तात्या छत्री घेऊन मामाजवळ गेले तर मामाने ती हाताने बाजूला केली आणि उघड्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो उठून मापाजवळ गेला, तेव्हा चार बायकांनी तोंडाला पदर लावला होता. जुन्या वहीत मामी गेली त्या तारखेसमोर निळ्या शाईत सतरा मिलिमीटर लिहिलेलं होतं. अक्षर नेहमीसारखंच, सरळ. आता नियमाप्रमाणे ते सतरा दुसऱ्या दिवसाच्या नावावर जाणार होतं, आणि तिच्या दिवसासमोर आदल्या दिवशीचं शून्य येणार होतं.

"नियम बरोबर आहे," मामा म्हणाला. "मी नियमाले चूक म्हणत नाही."

मी त्याच्याजवळ पायरीवर बसले.

"पण सरकारी हिशोबानं तो दिवस कोरडा निंघते," तो म्हणाला. "अन् मी तर भिजलो होतो ना, वं."

मग त्याने टोपण काढलं, नव्या वहीत दुसऱ्या दिवसासमोर सतरा लिहिलं, नियमाप्रमाणे, आणि त्याखालचे दिवस एकामागून एक सरकवत महिना पूर्ण केला. तिच्या तारखेसमोर जे शून्य लिहायचं होतं ते त्याने लिहिलं नाही. एकतीस वह्यांमध्ये तेवढी एकच जागा कोरी आहे. पुढेमागे कोणी वह्या तपासायला आलं तर त्यांना वाटेल, म्हाताऱ्याकडून एक नोंद राहून गेली. वाटू दे.